उकडलेल्या भाजीचं पाणी

अहो नाही काकू, उपटू नका, कुंडीसकटच न्या — मुळं दुखावली की पालक रुसतो, आठवडाभर मान टाकून बसतो. आणि तोडताना बाहेरची पानं तोडायची, मधला कोंब ठेवायचा, म्हणजे परत येतो. शिजवायचं काय त्यात? काही नाही. तेलावर लसूण, लसूण तांबूस झाला की पानं, वर झाकण, दोन मिनिटं — बास. उतरवल्यावर पुदिना हातानंच चुरडून टाका. झालं जेवण. लोक उगाच तासतासभर भाजीचा छळ करतात. कुंडीतून ताटात यायला पंधरा मिनिटं, एवढंच माझं म्हणणं असायचं — अख्ख्या इमारतीला सांगत सुटले होते मी, जिन्यात गाठून गाठून. खालचे शिंपीकाका तर माझी चाहूल लागली की दार लावून घ्यायचे. आणि उकडलीत भाजी, तर ते पाणी — नाही. काही नाही. तुमच्या घरी कुणाला किडनीचं काही नाही ना? नक्की? मग प्या खुशाल.

सगळ्या कुंड्या का देतेय? लिहिलं होतं की खाली लावलेल्या चिठ्ठीत, ‘जागेअभावी’. हो, दिसतेय तुम्हाला जागा. एवढी मोठी गच्ची आहे, जागा कशी नसेल — बरं, जागेचं कारण खरं नाही. बाबांना दादा घेऊन चाललाय, त्याच्या घरी, कायमचं. चार वाजता येतोय. बाबा आत बॅग भरतायत, म्हणून जरा हळू बोलू या. ते घड्याळं दुरुस्त करायचे, तर कपडे बाजूला राहिले आणि सकाळपासून एकेक चिमटा फडक्यात गुंडाळतायत. मला वनमंत्री म्हणतात ते. ‘वनमंत्री, आज कुणाची कत्तल?’ रोज सकाळी. आज म्हणाले नाहीत.

नाही, तसे बरे आहेत आता. महिन्यापूर्वी किडनीचं निदान झालं, तेव्हा रुग्णालयातल्या आहारवाल्या बाईंनी कागद दिला — मीठ जवळजवळ नाहीच, फळं मोजून, आणि भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकडायची, पाणी ओतून टाकायचं. मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, बाई, सगळा कस पाण्यातच उतरतो, तेच फेकायचं? तर त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच’. आणि पुढं काहीतरी सांगत होत्या — पण मी उठले होते. मला वाटलं, यांना काय माहीत, यांनी आयुष्यात कधी बी पेरलंय? बाजारातल्या भाजीवर फवारणी असते, म्हणून उकडून ओता म्हणत असतील, असं मीच ठरवून टाकलं. आणि आमच्याकडे फवारणी कुठाय? एक थेंब नाही. खत मी स्वतः कुजवलेलं. मग ओतायचं कशाला? शिकलेली आहे हो मी, पदवीला वनस्पतीशास्त्र होतं. तेच तर.

पहिला आठवडा ओतलं. खरंच ओतलं — पण काय जिवावर यायचं सांगू, हिरवंगार पाणी, पालकाचा, बिटाच्या पाल्याचा सगळा वास त्यात, आणि ताटात बाबांसमोर तो चोथा. बिनमिठाचा. घास तोंडात फिरायचा त्यांच्या. नुसतं पाणी पिऊन गिळायचे. मग एक दिवस मी ते पाणी ओतलं नाही. मंद आचेवर आटवलं, निम्मं, मग त्याच्या निम्मं, त्यात टोमॅटो, कांद्याची पात, शेवटी कोथिंबिरीचे देठ ठेचून. वाटीभर सूप. मिठाशिवाय चव आली, काकू! बाबांनी वाटी चाटूनपुसून संपवली. म्हणाले, ‘वनमंत्री, आज जिभेला जाग आली.’ मग काय विचारता — रोज. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवायचे, भातात एक वडी, डाळीत एक वडी. अकरा दिवस.

नाही, तुम्हाला नाही कळणार, मलाही नव्हतं कळलं. त्या पाण्यात पोटॅशियम उतरतं. चांगल्या माणसाला चांगलंच ते, पण बाबांची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, मग ते साठतं आणि सरळ हृदयावर जातं. आणि मी आटवून, घट्ट करून, वरून टोमॅटो घालून — बाराव्या दिवशी त्यांच्या हातातून कप निसटला. पाय उचलेनात. गाडीत त्यांची नाडी माझ्या बोटांखाली होती आणि मी पुढच्या ठोक्याची वाट बघत होते.

वाचले हो. वेळेत नेलं म्हणून. शाबासकी मिळाली मला त्याबद्दल, दादानं पाठ थोपटली माझी! डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? केळी? फळांचा रस? शहाळं? मी म्हणाले, कागदाप्रमाणेच, भाजी उकडूनच देत होते. खोटं होतं का? उकडून देत होते. डॉक्टर म्हणाले, पण कुठून तरी आलंय ना हे. त्यांच्या मागं भिंतीवर तक्ता होता — भाज्यांची चित्रं, आणि खाली लिहिलेलं, की क्षार पाण्यात उतरतात, म्हणून पाणी टाकावं. मी तो वाचला. तिथेच, उभ्याउभ्या वाचला. आणि बाबा पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मग तेच म्हणाले, ‘केळी खाल्ली मी. लपून. दोन-तीन रोज.’

तीन मजले आहेत काकू, तुम्ही आत्ताच चढून आलात. बाबांना धरल्याशिवाय जिना उतरता येत नाही. केळी काय खिडकीतून उडत आली? पण दादाला ते सुचलं नाही, त्याला राग आला होता. ‘ह्या वयात चोरून खाता? लाज नाही वाटत?’ सगळ्या वॉर्डसमोर. आणि बाबा गप्प. मीही गप्प. तेव्हापासून दादा येईल त्याला सांगतो, बाबांचं तोंड आवरत नाही. वहिनीनं तिकडे त्यांच्या स्वयंपाकघराला कुलूप बसवून घेतलंय, दिवसभराचा माणूस ठेवलाय, नजर ठेवायला. ज्या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या घड्याळातला स्क्रू इकडचा तिकडे केला नाही, त्याच्यावर पहारा!

बाबांना पाण्याचं कसं कळलं, म्हणता? तक्ता वाचताना माझं तोंड बघितलं ना त्यांनी. आणि त्याआधी विचारलंही होतं मला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, वाटी हातात धरून — ‘पाणी ओततेस ना गं?’ आणि मी म्हणाले... मी म्हणाले, हो बाबा, झाडांना घालते. हे मी कुणालाच... तुम्हाला का सांगतेय मी हे? तुम्ही पालक न्यायला आलात. त्यांनी मान डोलावली आणि प्यायले. विश्वास होता हो.

कुंड्या देऊन टाकल्या की हलकं वाटेल, असं वाटलं होतं. सगळं सोडते, परत चूल पेटवणार नाही वगैरे. छान वाटतं असं मनात बोलायला. पण कुलूप तर त्यांच्यासाठी आहे ना, माझ्यासाठी कुठाय?

ऐकलंत? गाडीचं दार वाजलं. चार वाजेपर्यंत थांबायलाही तयार नाही दादा. नको, ती कुंडी राहू द्या काकू, उद्या या, नाहीतर येऊ नका, नंतर बघू — वर आला की तो आधी बॅग उचलेल, आणि एकदा बॅग उचलली की मी पुन्हा गप्प बसेन, ओळखते मी मला. जिन्यातच गाठायला हवा. व्हा जरा बाजूला. व्हा ना.