मिनलसाठी वंदना

मेघा : आबाजी, दाराले चिकटून बसू नका. माहा कोरोना तुम्हालेबी होईन.

देवाजी : खुर्ची अंगणातच हाय वं. आवाजच मोठा हाय माहा. ताप हाय काय?

मेघा : ताप उतरला.

देवाजी : मग भात काहून परत आला?

मेघा : मिनल गेल्यापासून घास उतरून नाही राहिला. लहानपणापासूनची मैत्रीण, अन् शेवटचं तोंडबी पाहू नाही देलं कोणी.

देवाजी : तिच्या आईचा फोन होता आता. संध्याकाळी मिनलच्या नावानं पुण्यानुमोदन ठेवलं हाय, मोबाईलवरच. म्हणे, वंदना मेघानंच घ्यावी. विहारात दोघीच तर घेत होत्या.

मेघा : मी नाही घेणार.

देवाजी : खोकला येते म्हणून?

मेघा : राग येते म्हणून. कॉलेजच्या पोरींनी नवस बोलले तिच्यासाठी. आपल्यात तर मागायले कोणी देवबी नाही. मग हे म्हणून होते काय?

देवाजी : गेलेलं माणूस उठत नाही. तुही आजी गेली तेव्हा मीबी म्हटली वंदना. नाही उठली ते.

मेघा : मग?

देवाजी : त्या दिवशी पुरी वस्ती आली होती घरात. मले तर तोंड उघडता येत नव्हतं. बाकीचे म्हणत होते, त्यांच्या मागं मागं माहा आवाज निघाला. रडूबी तेव्हाच आलं. तेवढंच होते, बेटा. देव नाही येत. लोक येतात.

मेघा : इथं कोण येईन? मी तर कोंडून हाय.

देवाजी : मी हाय ना. आता एकदा म्हणून पाहू दोघं. तू थांबली का मीबी थांबतो.

(दोघे त्रिशरण म्हणतात. मेघाला मध्येच खोकला येतो. तो थांबेपर्यंत देवाजीही गप्प राहतात.)

मेघा : आबाजी, भात ठेवा उंबऱ्यावर. पोटात काही असंन तर आवाज निघंन संध्याकाळी.

देवाजी : ठेवतो. लोणचंबी देतो.

मेघा : ध्यानाले बसलं का मिनल घोरत होती. माहीत हाय तुम्हाले?

देवाजी : साऱ्या विहाराले माहीत हाय. भंतेजीबी गालात हसत.

मेघा : तिच्या आईले नसंन माहीत.

देवाजी : मी सांगू काय तिले?

मेघा : नका. मीच सांगतो, वंदना झाल्यावर.