सगळ्या तारा एकदम

लेक: मशीन थांबवा ना जरा, बाबा. मघापासून बोलतेय मी.

बाबा: ऐकतोय की. हात कामात आहेत, कान रिकामेच आहेत. तुमच्या संगीतशाळेचा एक पडदा राहिलाय, खालची पट्टी वाकडी गेली होती.

लेक: पडद्याचं जाऊ द्या. काल मी...

बाबा: काल काय? पडदे टांगायला आलो, टांगले, घरी गेलो.

लेक: सगळ्यांसमोर म्हणाले मी, "पडदेवाले आहेत ते, त्यांना काय कळतंय."

बाबा: खोटं कुठे बोललीस? पडदेच घेऊन आलो होतो.

लेक: माझे बाबा आहेत, असं तोंडातून निघालं नाही. आणि तुम्ही निघताना मलाच म्हणालात, "येतो बाई."

बाबा: तू ओळख दाखवली नाहीस, मग मी कशाला दाखवू? उगाच तुझी पंचाईत. भिंतीवर गिटार दिसली, हात शिवशिवले. आपल्या पद्धतीने लावली नि वाजवत बसलो. तुमचे मोठे सर म्हणाले, "ही कुणी बिघडवली?" तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक: ते हसले, आणि मीही हसले त्यांच्याबरोबर.

बाबा: हसणारच. ऐकून ऐकून शिकलेला मी, कुणाच्या पायाशी बसलो नाही. अशाला कोण विचारतं?

लेक: सगळी गल्ली विचारते. कुणाकडे काही चांगलं झालं की आधी तुम्हाला बोलावणं. म्हाताऱ्या बायका विसरल्या ती गाणीसुद्धा तुमच्या बोटांत आहेत. मला सुराची गोडी लागली ती याच शिलाईच्या खोलीत, आणि चार शिकलेल्या माणसांत मला तुमचीच लाज वाटली. आता माझी मला वाटतेय.

बाबा: झालं गेलं. चहा टाकू?

लेक: चहा नको. वाजवा ना काहीतरी. आईचं ते गाणं वाजवा.

बाबा: नको.

लेक: रागावलात.

बाबा: नाही गं. येत नाही मला.

लेक: येत नाही म्हणजे?

बाबा: सकाळी आपली घरची गिटार वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो. म्हटलं, जगात लावतात तशी लावून द्या. उतारवयात का होईना, नीट शिकू. पुन्हा कधी हात लावला तर तुला मान खाली घालायला नको. त्याने जुन्या तारा काढून नव्या चढवल्या.

लेक: सगळ्या? एकदम?

बाबा: एकदम.

लेक: अहो, तुम्हीच सांगायचात, एका वेळी एकच बदलायची. बाकीच्या तिला सूर सांगतात.

बाबा: तेच तर. आता सांगायला कुणी उरलं नाही. दुपारभर ती घेऊन बसलो होतो. बोटं ओळखीच्या जागी जातात आणि आवाज परक्याचा येतो. एक गाणं धड निघेना.

लेक: माझ्यामुळे.

बाबा: मला तरी कुठे अक्कल होती? "थांब" म्हणायला हवं होतं त्याला.

लेक: अगदी पहिल्यांदा कशावरून लावली होतीत?

बाबा: तुझ्या आईवरून. नवीन लग्न होतं. भांडी घासताना गुणगुणायची. तो सूर धरला, जाड तार तिथे आणून ठेवली, बाकीच्या तिच्या मागोमाग. ती गेली, पण सूर घरात राहिला होता. आज मीच घालवला.

(मशीन थांबते.)

लेक: मी गुणगुणते. तुम्ही गिटार घ्या.

बाबा: तुला आठवतंय?

लेक: शब्द नाही आठवत सगळे.

बाबा: शब्द नकोतच. आवाज तिचाच आहे तुझा. कधी बोललो नाही एवढंच.

लेक: आणि सोमवारी माझ्याबरोबर चला. सरांना सांगते, हे माझे बाबा.

बाबा: ते सोमवारचं सोमवारी. धर सूर.

लेक: हं... हंऽऽ...

बाबा: वर जातोय. तुझी आई एवढ्या वर नव्हती.

लेक: जमत नाहीये मला.

बाबा: रडतेयस म्हणून. घाई नाही, पाणी पी आधी.