भूर्जवाडीचे मालक

— नाही हो, वार्सामेसाहेब, असा कुणी माणूसच नाही या घरात. कॉफी निवतेय तुमची, घ्या. सोहवीनं बालवाडीत सांगितलं असेल, आजीकडे भूर्जवाडीचे मालक येतात म्हणून, आणि त्यांनी तुम्हा बालकल्याणवाल्यांना कळवलं. पण मालक म्हणजे भूर्जाची छडी, एवढंच. फिनलंडात आम्हा सगळ्यांना हेच ऐकवत आले — नीट वागा, नाहीतर भूर्जवाडीचे मालक येतील. गावचं संग्रहालय तीस वर्षं सांभाळलं मी, म्हणून सांगते: माणूस ज्याला भितो, त्याला मानाचं नाव देतो. अस्वलालाही आमचे पूर्वज मधुपंजा म्हणत. तुमच्या सोमालियात छडीला काय म्हणायचे? ... हं. म्हणजे तुमच्या आजीकडेही झाडाचंच नाव.

ती? सौनाच्या दारावरची? ती जुडी वाफेत बसल्यावर अंगावर आपटायची — पानं गळलीत तिची, जुनी झाली — नाही, खोटं कशाला बोलू? पानांची जुडी ती शेजारची. ही माझ्या वडिलांची छडी. संग्रहालयातल्या एकूण एक वस्तूला मी चिठ्ठी बांधली, हिला नाही बांधली — चिठ्ठीवर शेवटचा वापर कधी झाला, ते लिहावं लागतं. मारायला बंदी करणारा कायदा चौऱ्याऐंशी साली आला. राइली, माझी मुलगी, सोहवीची आई, तेव्हा पाच वर्षांची होती. आणि कायदा कागदावर आला म्हणून लगेच हातात उतरतो थोडाच?

शनिवारी सोहवीनं दुधाचं भांडं उपडं केलं आणि माझ्या तोंडून मालकांचं नाव गेलं. तोंडूनच, हातून काही नाही — विचारा तिला. पण ती रडली नाही, पळाली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मुठी आवळून, आणि म्हणाली, "आभारी आहे, मालक." फटके खाल्ल्यावर आभार मानायची रीत होती आमच्यात. ती मी राइलीला शिकवली. सोहवीला नाही शिकवली. मग तिला कुणी —

थांबा. हे लिहू नका. राइली चांगली आई आहे हो, इस्पितळात दोन-दोन पाळ्या करते, दमते — खोडा ते. पोरीला आईपासून तोडाल तुम्ही, ठाऊक आहे मला. मी मारलं म्हणून लिहा. आजीनं मारलं — असंच लिहा, मी सही करते, आत्ता करते —

दार वाजलं. अंगणातून आली वाटतं. सोहवी, बाळ, ते काय काढलंस सौनाच्या दारावरून? स्टुलावर चढलीस? ठेव तिथंच. इकडे नको आणूस. हे मालक नव्हेत गं, हे वार्सामेकाका, हे नुसते बोलायला — साहेब, ती देतेय तर हातात घेऊ नका. हात मागे घ्या तुमचा.

सोहवी, वळू नकोस. बाळ, भिंतीकडे वळू नकोस —