उघड्या पत्र्याची फियाट

—नाही कुठं म्हटलं मी, भाऊ? काढून देते नं. गाडी तुमची, आतला गालिचा तुमचा, त्याच्या खालचा लोकरीचा नमदा अन् आवाज दाबणारी डांबरी शीटही तुमचीच. पण आधी बसा. त्या टायरवर बसा, आताच पुसला. रॅलीत पळवायची, म्हणून गाडी हलकी पाहिजे म्हणता — बरोबर आहे तुमचं. हे सगळं काढलं, दरवाज्याचे पॅड काढले, मागची सीट काढली, की गाडी सुसाट पळते. मले काय सांगता? मी बसली आहे तशा गाडीत. आतून नुसता उघडा पत्रा — अन् आवाज? रिकाम्या पिंपात बसावं अन् बाहेरून कोणी बदडून राहावं, असा. गिअरबॉक्स ओरडते, खडे खालून ताडताड लागतात, पत्रा वेगळाच थरथरते. चहा घ्या. तुमच्या बाजूले रस्ता सांगाले कोण बसणार? मिसेस? नवीनच लग्न झालं नं? मंग एक विचारू — आवाज कसा आहे तिचा? हसू नका बाप्पा, मस्करी नाही करून राहिली मी. नाजूक आहे? अरे देवा.

माझा ऐकता नं हा आवाज? हा मी हळू बोलून राहिली बरं. माझी माय अन् बाबा दोघंही कापडाच्या मिलमध्ये, बाबा विणायच्या साच्यावर, माय धाग्याच्या खात्यात. त्या धडधडीत दिवसभर ओरडून बोलायचं, तीच सवय घरी. आमच्या घरी मीठ मागितलं तरी शेजारच्याले वाटे भांडण लागलं. मी त्यातच वाढली. पुढे लग्नाचं पाहू लागले, तं पाहुणे आले, एकानं विचारलं, बाई तुझं नाव काय? मी म्हटलं, यमुना! — त्याच्या हातचा चहा धोतरावर. ते गेले ते गेलेच. दुसरे आले, त्यांले मायनं आधीच सांगितलं, पोरीचा घसा बसला आहे. मी मान खाली घालून बसली. अन् तेवढ्यात मांजर दुधात तोंड घालून राहिली! बोलू नको तं काय करू? ते पण गेले. माय रडली त्या दिवशी. अन् मायचं रडणंही मोठ्यानंच, गल्लीभर. मी ठरवलं, नाही करायचं लग्न. इतवारीत ताराचंद शेठच्या भांड्याच्या दुकानात कामाले लागली. तिथं चारी बाजूनं पितळ ठोकून राहिले, तिथं माझ्या आवाजाची किंमत होती.

आता आमचे हे — रुपराव, ते बघा, तिकडं नळावर हात धुऊन राहिले — तेव्हा इथंच वाडीत, ट्रकवाल्या भैय्याजींच्या गॅरेजात मिस्तरी. भैय्याजींले शौक चढला रॅलीचा. नागपूर ते पचमढी अन् वापस. आमच्या यांनी एक फियाट घेतली अन् सोलून टाकली तिले, आतून केळ्यासारखी. गाडी हे चालवणार, रस्ता सांगाले भैय्याजींचा भाचा. शिकलेला, नकाशा वाचणारा, पण आवाज तुमच्या मिसेससारखा — वाईट नका वाटून घेऊ. उमरेडच्या रस्त्यावर ट्रायल घेतली. तो म्हणे डावीकडे, डावीकडे. यांले ऐकू येते फक्त गाडी. शेवटी त्यानं खांदा धरून हलवलं, तं हे दचकले अन् गाडी सरळ कडब्याच्या गंजीत! भाचा गंजीतून बाहेर निघाला अन् बसनं घरी गेला. पुन्हा काही आला नाही.

मंग हे इतवारीत आले होते, भैय्याजींच्या घरचं काही सामान घ्याले. गल्लीच्या पार त्या टोकाले एका हातगाडीवर आमच्या दुकानाची पातेली चालली होती, चुकीच्या पत्त्यावर. मी जाग्यावरूनच हाक मारली — थांब गा धोंडबा! धोंडबा थांबला, त्याच्या मागचा टेम्पो थांबला, सायकलवाले थांबले. हे माझ्यासमोर येऊन उभे, डोळे असे मोठे, अन् काय म्हणावं माणसानं पहिल्याच भेटीत? म्हणे, "बाई, माझ्या गाडीत बसता का?" मी तिथला मोठा झारा उचलला. ताराचंद शेठ मधात आले म्हणून वाचले हे.

घरी आले मंग, रीतसर. जयभीम घातला, मायसमोर बसले, सगळं समजावून सांगितलं. माय म्हणे, मी पण येते गाडीत, पाहू कशी आहे. मागं सीटच नाही, म्हणून तिले पोत्यावर बसवलं. गाडी निघाली — मले वाटे डोक्याचे तुकडे होतात — अन् मागं वळून पाहिलं तं माय घोरून राहिली! साच्याच्या आवाजात जन्म गेलेला, तिले अंगाईच वाटली ती. उठली अन् म्हणे, गाडी चांगली आहे, जाय तू.

अन् मी गेली. नकाशा शिकली. पचमढीच्या घाटात सकाळी असं धुकं, की बोनेट दिसे ना. मी काच उतरवून मुंडकं बाहेर काढलं अन् ओरडत सुटली — उजवीकडे! सरळ! दगड! एका वळणावर कडेचा रस्ताच खचलेला. मी थांबा म्हटलं, तं हे थांबले, अन् मागून येणारी गाडीही थांबली, तिच्यातले लोक पण माझंच ऐकून राहिले होते. उतरून खाली पाहिलं तं सरळ खोल दरी. त्या दिवशी, भाऊ, मले पहिल्यांदा कोणी म्हटलं नाही की बाई, हळू बोल.

दुसरा नंबर आला आमचा. वापस आलो, इथंच या फाटकापाशी गाडी थांबवली. यांनी इंजिन बंद केलं. पण कानात घरघर चालूच होती नं! त्यांले वाटलं, अजून गोंगाटच आहे. अन् त्याच जोरात, बेंबीच्या देठापासून ओरडले, "यमुना, माझ्यासंग लग्न करशील का?" सारी वाडी शांत! ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, भैय्याजी, सगळे पाहून राहिले. लाजेनं माझा जीव अर्धा झाला. अन् जन्मात पहिल्यांदा मी हळू बोलली. एवढ्याशा आवाजात म्हटलं, हो. तं हे म्हणतात, "काय?" लोक हसले, मी पण हसली. म्हटलं कानात दडे बसले असतील, उतरतील उद्यापर्यंत.

पूर्ण नाही उतरले, भाऊ.

कोणाले सांगत नाही मी. ते पण नाही सांगत. त्यानंतर कितीतरी रॅल्या केल्या आम्ही, तसाच उघडा पत्रा. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मंग पाखरं गेली, मंग गिऱ्हाइकांचं बोलणं. म्हणून तं तुम्ही मघाशी त्यांले दोनदा विचारलं अन् ते नुसते हसले. शिष्ट नाहीत ते, लाजतात. डॉक्टर म्हणाले, आता परत येत नाही, आहे ते सांभाळा. त्या दिवशी घरी येऊन मी एकटीनं फियाट उघडली. डांबरी शीट तापवून चिकटवली, वरून नमदा दोन थर, गालिचा, दरवाज्याले नवीन रबर. शिवणकाम तं येतच होतं मले, गॅरेजातल्या गाड्यांच्या सीटा अन् गालिचे मीच शिवते. हे रुसले. म्हणे, माझ्या घोडीले म्हैस केली. दोन दिवस बोलले नाही. मंग एकदा गाडी काढली, काचा चढवल्या, अन् मी सहज पुटपुटली, आपलं मनातच — किती ऊन आहे बाई. अन् हे म्हणतात, "हो नं, खूपच आहे."

मी पाहतच राहिली. घरी नाही येत त्यांले ऐकू, या ट्रकच्या गोंगाटात तं मुळीच नाही. पण त्या गाडीत येते — गोंगाट बाहेर, अन् मी अगदी कानापाशी! म्हणून आम्ही बोलतो ते गाडीतच बोलतो. दर रविवारी संध्याकाळी अमरावती रोडनं जातो, हळूहळू, मागचे हॉर्न मारून थकतात. अन् मी अशी नाजूक बोलते नं, तुम्हाले खरं वाटणार नाही. तो आवाज या वाडीत कोणीच ऐकला नाही.

मंग ऐका. मागची सीट काढून देते, तेवढी हलकी पुरे. शीट अन् नमदा राहू द्या. अन् तरी काढायचंच असंल, तं दोघांच्याही कानात कापूस, अन् रॅली झाली की दुसऱ्याच दिवशी इथं आणा, परत बसवून देते. नाही, आज नाही होत. आज रविवार आहे नं? ते बघा — बसले गाडीत, काचाही चढवल्या, माझ्याकडंच पाहून राहिले. चला, उठा भाऊ, शटर ओढायचं आहे. कप तिथंच ठेवा. नाही नाही, बाकीचं उद्या विचारा — सगळं बोलणं तुमच्याजवळच संपवलं, तं त्यांच्याशी काय बोलू?