शटरची खडखड

— ठेवा तो वायरलेस सेट खाली, साहेब. लातूरहून दाखवायला आणलाव, बघितलो मी. पाच किलोमीटर बोलतो म्हणायलाव — कुठं बोलतो? जनवाड्याच्या रानात! तिथं आमचा जुना बी बोलतो. आम्ही फायरवाले काय रानातच आग विझवतो का? रोज सकाळी स्टेशनच्या अंगणात धा पावलांवर उभारायचं, 'आवाज येतो का?' — 'येतो' — झालं, रजिस्टरात 'चालू' लिहायचं. कोण लिहितं? मीच. खाली सही, व्यंकट. थू असल्या तपासणीवर!

त्या दिवशी भर दुपारी कापडदुकानाचं तळघर पेटलं. वर तीन मजले सिमेटचे, खाली बारा पायऱ्या. आत एक कामगार अडकलाय म्हणले, म्हणून आमचा बुद्धरत्न कमरंला दोरी बांधून शिरला. दुसरं टोक माझ्या हातात — आमची रीतच हाय ती, तीन हिसके आले की ओढून काढायचं. सेटवर हाक मारलो — नुसती खरखर. दुसरी गाडी मागवावं, तर स्टेशन बी लागंना. तळघराच्या तोंडाशी मुकं, रस्त्यावर गेलं की बोलतंय, असलं हे दरिद्री यंत्र! मग काय करावं माणसानं? गेलो रस्त्यावर.

दोरी व्हय? दोरी... तळघराच्या तोंडावरच्या शटरच्या कडीला बांधलो. दोन मिनिटं, जास्त न्हाई. तिथं लोक सांगायलेत, कामगार मागच्या खिडकीतनं कवाच निघाला — अन् मी सेटमध्ये वरडायलोय, 'गाडी पाठवा, गाडी पाठवा', अन् मागं शटर खडखड वाजायलंय. ऐकलो की! लोक हाणायलेत वाटलं, शिव्या बी दिलो त्यास्नी. पुन्हा वाजलं. पुन्हा. मग थांबलं.

परत येऊन ओढून काढलो बुद्धरत्नला. जीव वाचला त्याचा, पण छातीत धूर बसलाय, बोलता येत न्हाई. नौबादला घरी आणलंय. बघायला गेलो, तर त्याची बायको पंचशीला विचारती, "अण्णा, दोरी तुमच्याच हातात होती न्हवं?" मी म्हणलो, "व्हय, अक्का. सेटच खराब निघाला." चौकशीत बी तेच सांगितलो — म्हणून तर तुम्ही हे नवं खोकं घेऊन आलाव. अन् बुद्धरत्न खाटंवरून बघायलाय माझ्याकडं, नुसता बघायलाय.

डॉक्टर म्हणायलेत, आठ-पंधरा दिवसांत आवाज येईल त्याचा. माणसाला आनंद व्हावा का न्हाई? मला न्हाई झाला, साहेब. किळस यायली माझी मलाच —

काय बघायलाव असं? उचला ते खोकं. जावा म्हणलो न्हवं, जावा.