पौर्णिमेची खीर

चांगुणा: दोनच चमचे गं! आणि उलटीपण नाही झाली तुला. म्हणजे जिरली की.

प्रीती: आई, हळू बोल ना. पप्पा आले.

शंकरराव: सिस्टरने भूल द्यायच्या आधीचा फॉर्म दिलाय. शेवटचं कधी खाल्लं, विचारलंय. लिहितो, परवा सकाळी. त्यानंतर नुसतं पाणी.

प्रीती: हां, तेच लिहा. फटाफट.

शंकरराव: चांगुणा, तुझं तोंड का उतरलं?

चांगुणा: अहो, काल बुद्धपौर्णिमा होती. विहारातली खीर आणलेली...

शंकरराव: भरवलीस? दोन दिवस अन्नाचा कण नको, असं डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले ना?

चांगुणा: चौतीस किलोची झालीय पोर. विसाव्या वर्षी हाडं मोजून घ्या. बघवत नाही मला.

शंकरराव: अगं, जठराचं खालचं तोंड आवळलंय तिचं. कंपनीत व्हॉल्व्ह जाम झाला की माल टाकीतच राहतो, तसं. आता भूल दिल्यावर ती खीर वर आली आणि फुप्फुसात गेली म्हणजे?

प्रीती: पप्पा, प्लीज, सांगू नका. आज कॅन्सल झालं तर पुढची तारीख महिन्याने. ते तोंड ताणायला दोनदा आत फुगा घालून झाला, हा लास्ट चान्स आहे. नाहीतर पोट फाडणार. मला नाही फाडून घ्यायचं!

शंकरराव: आणि जीव गेला तर चालेल?

प्रीती: मी खाल्ली तरी कशाला, माहितीये? आई वर्षभर म्हणतेय, मी बारीक व्हायला मोरीत जाऊन घशात बोटं घालते. म्हटलं, एकदा हिच्यासमोर खाऊन दाखवते.

(चांगुणा उठून दाराकडे जाते.)

शंकरराव: कुठे निघालीस?

चांगुणा: सिस्टरकडे. माझं मी सांगते.

(तासाभराने. नाकातून नळी घालून प्रीतीचं पोट धुऊन काढलंय.)

चांगुणा: सिस्टरने भांडं दाखवलं. काल दुपारची खीर, आणि तांदूळ तसाच्या तसा. काजूसुद्धा.

प्रीती: सांगत होते ना, खाली जातच नाही.

चांगुणा: आणि मी तुला नाटकी म्हणाले. शेजारणीला पण तेच सांगितलं. चुकलं गं माझं, फार चुकलं.

प्रीती: रडू नको ना, आई. पप्पा, डॉक्टर काय बोलले?

शंकरराव: दुपारी घेतो म्हणाले, सगळ्यांत शेवटी. आधी दुर्बीण घालून आत बघतील, पोट साफ असेल तरच फुगा. ओरडले मला, पण सांगितलंत ते बरं केलंत म्हणाले. हा दुसरा फॉर्म. शेवटचं काय खाल्लं?

प्रीती: काल दुपारी, खीर. मीच मागून खाल्ली, लिहा.

चांगुणा: नाही हो. आईने भरवली, असं लिहा.