खुणेच्या प्लेटा

स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत प्रतिक्षा पवनी गावातल्या गॅरेजात बाकड्यावर बसली होती. शेजारी डोमाजी काठी टेकून आपल्या दुरुस्त झालेल्या कारवरून नंदलाल मिस्त्रीची उलटतपासणी घेत होते.

"गिअरबॉक्स खोलला तेव्हा मी हरेक प्लेटले बायकोची लाल नेलपॉलिश लावली होती. बसवताना पाहिलं तर एकीवरही नाही!"

"जुन्या जळल्या होत्या, काकाजी. म्हणून तर गाडी चढावर घसरत होती. नव्या टाकल्या."

"मंग माह्या कुठं गेल्या?"

"ह्या डब्यात. मोजून घ्या."

"हा लाल जरा फिक्का दिसून राहिला."

"तेलाचा हात लागला असंन."

"हे पाहा, माह्या डाव्या पायानं क्लच दाबणं होत नाही. ही ऑटोमॅटिक गेली तर मी घरीच खाटेवर. अन् तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"नका ठेवू. किल्ली घ्या अन् पुलावर चढवून पाहा."

डोमाजी गेले. वीस मिनिटांनी गाडी दारात अलगद येऊन थांबली.

"घसरली का?"

"नाही."

"झटका मारला?"

"नाही. लोण्यावानी चालली."

"मंग झालं तर!"

"काय झालं? माही गाडी अशी कधीच चालत नव्हती. माही जुनी गाडी कुठं लपवली, सांगा."